वाचक नावाचे पद : गो. स. सरदेसाई आणि चिटणिशीचे गद्य

आपल्याकडील समीक्षाव्यवहारात ‘वाचक’ ही संज्ञा गेल्या काही दशकांत पुष्कळ वापरली गेली. याऊस आणि ईझर यांच्या मांडणीने वाचकाला अर्थनिर्मितीत भागीदार केले. रोलाँ बार्त याने १९६७-६८च्या सुमारास लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली आणि त्या लेखकाची सारी इस्टेट याच वाचकाच्या नावे केली. परंतु या चर्चेतला वाचक एकान्तात बसलेला, फुरसतीचा आणि स्वतःसाठी वाचणारा असाच गृहीत धरलेला असतो. दुसऱ्यासाठी वाचणारा, वाचनाबद्दल दरमहा वेतन घेणारा, काय वाचायचे हे ज्याच्या इच्छेवर अवलंबून नाही असा वाचक या सिद्धान्तांच्या कक्षेत सहसा येत नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र असा एक वाचक होऊन गेला. त्याच्या नेमणुकीच्या पदाचे नावच मुळी ‘वाचक’ असे होते, आणि त्या नोकरीतून विसाव्या शतकातील मराठी इतिहासलेखनाचा सर्वांत विस्तृत ग्रंथसमूह उभा राहिला. तो वाचक म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई.

सरदेसाईंचा जन्म १७ मे १८६५चा, रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यातला. मृत्यू १९५९च्या नोव्हेंबरातला. चौऱ्याण्णव वर्षांचे हे आयुष्य दोन जवळजवळ समान भागांत विभागलेले दिसते. सुरुवातीची शिक्षणाची वर्षे सोडली, तर १८८९ ते १९२५ हा काळ बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत गेला आणि उरलेला काळ पुणे-मुंबई लोहमार्गावरील कामशेत येथे, इंद्रायणीकाठी, निवृत्तीत गेला. या निवृत्तीलाही निवृत्ती म्हणणे कठीणच आहे. पेशवे दप्तराचे संपादन, पाटणा विद्यापीठातील व्याख्यानांचे पुस्तक, इंग्रजीतील तीन खंडांचा मराठ्यांचा नवा इतिहास, हे सारे साठीनंतरचे काम आहे. मराठी रियासतीचाही बराच भाग याच काळात लिहून पुरा झाला. १९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे चरित्र असे चार ओळींत सांगता येते आणि बहुधा तसेच सांगितले जाते. इतिहासकार म्हणून त्यांचे मोजमाप पुष्कळांनी केले आहे. प्रस्तुत लेखात विचारायचा प्रश्न वाङ्मयीन आहे : छत्तीस वर्षे दुसऱ्यासाठी वाचण्या-लिहिण्याची सवय लागलेला माणूस जेव्हा स्वतःच्या नावाने लिहू लागतो, तेव्हा ते गद्य कोणत्या जातीचे होते? आणि मराठी समीक्षेने त्या जातीला आपल्या हिशेबात का धरले नाही?

येथे शब्दांचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. आज आपण ‘सचिव’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थाची कामे शिवकाळात सचिव करीत नसे. अष्टप्रधानांतील सचिव म्हणजे सुरनीस. दप्तर तपासून कागद शुद्ध करणे, महालांचे हिशेब पाहणे ही त्याची अधिकाराची कामे होती. राजाच्या तोंडचा मजकूर कागदावर उतरवणारा, खलित्याची भाषा जाणणारा, कोणाला कोणता मायना घालावा हे ठरवणारा तो चिटणीस. आणि तो अष्टप्रधानांत नव्हता. ज्याच्या लेखणीवर राज्याचा सारा पत्रव्यवहार चाले त्यालाच मंडळात आसन नव्हते, ही गोष्ट बोलकी आहे. ‘चिटणीस’ या शब्दाचा उत्तरार्ध फारसीतील लिहिणाऱ्याचा वाचक आहे. ‘कारकून’ म्हणजे तर नुसता काम करणारा. इंग्रजीतील ‘सेक्रेटरी’ या शब्दाच्या पोटात लॅटिनमधले ‘गुपित’ दडलेले आहे. आपल्या शब्दांत ते नाही. आपल्या शब्दांत लिहिणे आहे आणि काम आहे. रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समासच खर्ची घातला, यावरून सुवाच्य, सलग, न थकता लिहिणाऱ्या हाताला त्या समाजात काय किंमत होती हे ध्यानात यावे.

या हातांनी इतिहासही लिहिला. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीच्या मुक्कामी लिहिली गेली. मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्यास आपली बखर सिद्ध केली, तीही छत्रपतींच्या सेवेत राहूनच. म्हणजे आज्ञा, सेवा आणि इतिहासकथन यांचा अनुबंध मराठी गद्यात मुळापासूनचा आहे. तथापि आज्ञेवरून लिहिणारा चिटणीस निर्विकार असतो, असे समजण्याचे कारण नाही. मल्हार रामराव हे बाळाजी आवजींच्या वंशातले. आणि बाळाजी आवजींना १६८१ साली संभाजी महाराजांच्या आज्ञेने देहान्त शासन झाले होते. या बखरीतील संभाजीचे चित्र इतके काळे का, याचा उलगडा करताना वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्या संशोधकांनी या घराण्याच्या जुन्या जखमेकडे बोट दाखवले आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचा राग वंशपरंपरेने दौतीत उतरतो आणि मग पुढची दीडशे वर्षे नाटककार-कादंबरीकार त्याच शाईने लिहीत राहतात! चिटणिशीच्या गद्याचा विचार करताना हे उदाहरण दृष्टीआड करून चालणार नाही. वरवर ते गद्य स्वतःला पुसून टाकते; पण ज्याला पुसले त्याच्या खुणा कागदावर राहतात.

सरदेसाई बडोद्यास आले तेव्हा तेविशीत होते. महाराज त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून बारा वर्षांचा जो मुलगा दत्तक म्हणून बडोद्यास आणला गेला, त्याची अक्षरओळखही तोवर झालेली नव्हती. १८८१ साली त्याने राज्याचा अधिकार हाती घेतला. उशिरा सुरू झालेल्या शिक्षणाची भूक सयाजीरावांना आयुष्यभर पुरली. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचे त्यांनी स्वतः टिपण केले, आणि ते १८९६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाले. १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि १९१०पासून बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या मार्गदर्शनाखाली वाचनालयांचे जाळे, ही त्याच भुकेची सार्वजनिक रूपे होत. अशा राजाला वाचक हवा होता तो शोभेसाठी नव्हे. पुस्तके मोठ्याने वाचून दाखवणे, त्यांतले सार काढून ठेवणे, दौऱ्यावर बरोबर राहणे, पुढे राजपुत्रांना शिकवणे, पत्रव्यवहार, हिशेब अशी ही चाकरी वाढत गेली. युरोपचे प्रवासही याच चाकरीत घडले.

मोठ्याने वाचणे ही क्रिया समीक्षेने फारशी तपासलेली नाही. मनात वाचणारा माणूस मागे जाऊ शकतो, थांबू शकतो, ओळ गाळू शकतो. मोठ्याने वाचणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. कोठे श्रोता सावध झाला, कोठे त्याचे लक्ष उडाले, कोणत्या वाक्यावर त्याने प्रश्न विचारला, याची नोंद त्याच्या मनात आपोआप होते. शिवाय उद्या ‘काल काय वाचले?’ असा प्रश्न येणार असतो, आणि त्याचे उत्तर द्यायला ग्रंथाची पाने उपयोगी नसतात. उपयोगी असते ते टिपण. म्हणून दुसऱ्यासाठी वाचणारा हा वाचतानाच सारांशकार होतो. ईझरच्या परिभाषेत वाचक संहितेतील रिकाम्या जागा भरतो. बडोद्याच्या वाचकाचे काम नेमके उलटे होते : भरलेल्या जागा रिकाम्या करायच्या, हजार पानांतून राजाला निर्णयासाठी लागेल तेवढेच उरवायचे.

या चाकरीतील पहिली फळे भाषांतरांची होती, आणि त्यांपैकी एकाकडे थांबून पाहिले पाहिजे. १८९० साली सरदेसाईंनी मॅकिआव्हेलीच्या ‘प्रिन्स’चे ‘राजधर्म’ या नावाने मराठी रूपांतर केले. तीन वर्षांनी सीलीच्या ग्रंथावरून ‘इंग्लंड देशाचा विस्तार’ आला. मॅकिआव्हेलीला आपण राजनीतीचा तत्त्वज्ञ म्हणून ओळखतो. पण तोही मूळचा चिटणीसच. १४९८ ते १५१२ अशी चौदा वर्षे त्याने फ्लॉरेन्सच्या कचेरीत काढली. वकिलातींचे अहवाल लिहिले, खलित्यांचे मसुदे केले. सत्तांतरात नोकरी गेल्यावर, बेकारीत, त्याने ‘प्रिन्स’ लिहिला. त्यामागे पुन्हा कोणी कामावर घ्यावे ही आशा होती. त्या ग्रंथाचे बाविसावे प्रकरण राजाने जवळ बाळगायच्या सचिवांविषयी आहे. राजाची पारख त्याच्या भोवतालच्या माणसांवरून होते आणि स्वतःच्या हितापेक्षा धन्याच्या हिताचा विचार करणारा तो खरा सचिव, असा त्या प्रकरणाचा आशय. आता ही मांडणी पाहा : नोकरी गेलेल्या एका चिटणिसाने नव्या धन्यासाठी लिहिलेला, चांगला चिटणीस कसा ओळखावा हे सांगणारा ग्रंथ, पावणेचारशे वर्षांनंतर, नुकताच नोकरीस लागलेला एक वाचक आपल्या धन्यासाठी मराठीत आणतो. भाषांतरमीमांसेत ‘सत्ता आणि भाषांतर’ यावर लिहिणाऱ्यांना याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. भाषांतरकार येथे मूळ लेखकाच्या जागी तर आहेच. तो त्या ग्रंथाचा विषयही आहे.

राजपुत्रांना इतिहास शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून रियासतींचा जन्म झाला. १८९८ साली मुसलमानी रियासत प्रसिद्ध झाली. १९०२पासून मराठी रियासतीचे भाग येऊ लागले आणि १९३२पर्यंत येत राहिले. ब्रिटिश रियासत त्यांच्या जोडीला आली. ज्या वर्षी मुसलमानी रियासत निघाली त्याच वर्षी राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंडही निघाला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे १८६३चे, म्हणजे सरदेसाईंचे समवयस्क. एकाने नोकरी झुगारली, गावोगाव पायपीट केली, कागद वाचवले आणि प्रस्तावनांतून सिद्धान्तांचे स्फोट घडवले. दुसऱ्याने नोकरी केली, छापलेले खंड क्रमाने वाचले आणि त्यांचे सुसंगत कथन बनवले. मराठी सांस्कृतिक स्मृतीत या दोघांना मिळालेल्या जागा फार वेगळ्या आहेत. राजवाडे दंतकथेचा विषय झाले. सरदेसाई संदर्भासाठी उघडायचा ग्रंथ झाले.

या फरकाचे एक कारण गद्यात आहे. निबंधमालेपासून (१८७४-८१) मराठी निबंधगद्याचा आदर्श वक्तृत्वाचा राहिला. प्रतिपक्षाला समोर उभे करून त्याचा पाडाव करणारे, उपरोधाने धारदार झालेले, लेखकाचा ‘मी’ पानोपानी मिरवणारे गद्य हे श्रेष्ठ गद्य, अशी आपली अभिरुची घडली. राजवाड्यांच्या प्रस्तावना या अभिरुचीत सहज बसतात. रियासतीचे गद्य तेथे बसत नाही. त्यात आवाज चढत नाही. प्रसंग सांगायचा, त्यातील माणसे कोण ते सांगायचे, मूळ पत्रांतील मजकूर मधूनमधून देऊन पत्रलेखकालाच बोलू द्यायचे, मग दोनचार वाक्यांत परिणाम सांगून पुढे जायचे, असा त्याचा क्रम असतो. हे गद्य वाचणाऱ्याला जिंकू पाहत नाही. निर्णयाच्या तयारीत आणून सोडते. दरबारी टिपणाची हीच रीत असते. चांगल्या टिपणात चिटणिसाचे मत शोधावे लागते. ते मांडणीच्या क्रमात असते, काय आधी ठेवले आणि काय शेवटी यात असते. रियासत सलग वाचताना कंटाळा येतो, हेही येथेच सांगून टाकावे. कित्येक प्रकरणे नुसत्या स्वाऱ्यांच्या यादीसारखी सरकतात. परंतु हा कंटाळा प्रतिभेच्या अभावाचा आहे असे मला वाटत नाही. तो या लेखनप्रकाराचाच धर्म आहे. कारण टिपणाला एखादी गोष्ट रंजक नाही म्हणून गाळण्याची मुभा नसते.

मग धन्याची छाया या गद्यावर किती पडली? विद्यार्थ्यांनी तपासून पाहण्याजोगे एक स्थळ सुचवतो. १७३१च्या एप्रिलात डभईजवळ बाजीराव पेशवा आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई झाली आणि त्रिंबकराव मारले गेले. गायकवाड घराण्याचे मूळ पुरुष पिलाजी या वेळी दाभाड्यांच्या बाजूस होते. गायकवाडांचे अन्न खाणारा, जातीने व संस्काराने पुण्याच्या पेशवाईशी जवळचे नाते सांगू शकणारा इतिहासकार या प्रसंगाचे कथन करताना कोणत्या क्रियापदांचा आधार घेतो, कर्ता कोठे लपवतो, कर्मणी प्रयोग कोठे वाढतात, हे शैलीविज्ञानाच्या साधनांनी पाहता येईल. रियासतीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या समोर ठेवल्या तर हे काम अधिक फलदायी होईल. स. मा. गर्गे यांनी संपादित केलेली पॉप्युलर प्रकाशनाची आठ खंडांची आवृत्ती सुलभ आहे, पण या कामासाठी जुने भागही पाहावे लागतील.

बडोद्याच्या त्या कचेरीत सरदेसाई एकटेच वाचणारे नव्हते, आणि त्यांच्या दीर्घ चाकरीचा अर्थ शेजारच्या खुर्च्यांकडे पाहिल्याशिवाय लागत नाही. १८९३ साली केंब्रिजहून परतलेले अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत आले आणि १९०६पर्यंत राहिले. जमाबंदी, महसूल अशा खात्यांतून फिरत ते महाविद्यालयात प्राध्यापक झाले. मधूनमधून महाराजांच्या पत्रांचे, भाषणांचे मसुदे त्यांच्याकडून करून घेतले जात. १९०३च्या काश्मीर दौऱ्यात त्यांनी महाराजांचे सचिव म्हणूनही काम केले, पण ते जमले नाही, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. अरविंदांना दुसऱ्याच्या आवाजात लिहिणे येत होते. दुसऱ्याच्या वेळापत्रकात जगणे त्यांना मानवले नाही. बडोदा सोडून ते बंगालच्या राजकारणात गेले.

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले भीमराव आंबेडकर कराराप्रमाणे १९१७ साली बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. चरित्रकार त्यांच्या पदाची नोंद महाराजांचे लष्करी सचिव अशी करतात. स्वतः आंबेडकरांनी आपल्या आठवणींत अकाउंटंट जनरलच्या कचेरीतील उमेदवारीचा उल्लेख केला आहे. त्या वेळी बडोद्यात त्यांच्याइतकी पुस्तके वाचलेला नोकर शोधून सापडला नसता. पण कचेरीतले शिपाई कागद हातात न देता लांबून टाकत, आणि शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही हुसकले. काही दिवसांतच आंबेडकरांनी बडोदा सोडले. राजा तोच, राजाचे विद्याप्रेम तेच, वाचनाची थोरवीही तीच. मात्र कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यावर ज्या कचेरीचा सारा व्यवहार चालतो, तेथे एका माणसाच्या हातात कागद दिलाच जात नाही. सरदेसाईंच्या छत्तीस वर्षांच्या अव्याहत चाकरीमागे त्यांची चिकाटी होती, सोशिकपणा होता, यात शंका नाही. परंतु ती चाकरी शक्य करणारी एक न दिसणारी सोयही होती, आणि तिचे नाव जात. विद्वान सचिवाच्या चरित्रातून ही सोय वगळली जाते ती कोणी मुद्दाम लपवतो म्हणून नव्हे. ज्याला ती होती त्याला ती कधी जाणवलेलीच नसते म्हणून.

निवृत्तीनंतरचे मुख्य काम पेशवे दप्तराचे. पुण्याच्या सरकारी दप्तरखान्यातील जवळजवळ पस्तीस हजार रुमाल वर्षानुवर्षे संशोधकांना बंद होते. त्याआधी गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या रोजनिशा छापल्या गेल्या होत्या आणि त्यांना न्यायमूर्ती रानडे यांच्या निबंधाचे पाठबळ लाभले होते, तेवढीच वाट उघडलेली होती. मुंबई सरकारने निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे ठरवले तेव्हा ते सरदेसाईंकडे सोपवले. त्यामागे जदुनाथ सरकारांचा आग्रह होता. १९३० ते १९३४ या अवधीत पंचेचाळीस भाग निघाले. साठी उलटलेल्या माणसाने, साहाय्यकांचा लहानसा गट हाताशी घेऊन, मोडी कागदांच्या त्या राशीतून एवढ्या वेगाने निवड करावी, ही गोष्ट कचेरीत आयुष्य काढलेल्यालाच साधली असती. रुमाल सोडायचा, कागदावर नजर टाकायची, ठेवायचा की परत बांधायचा हे क्षणात ठरवायचे. ही इतिहासकाराची दृष्टी जितकी, तितकीच चिटणिसाची हातोटी.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील विद्वानांना हे रुचले नाही. १९१०पासून पदरमोड करून ज्यांनी कागद जमवले, ज्यांना हा दप्तरखाना उघडून मिळाला नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर तो एका संस्थानी पेन्शनराच्या हाती दिला गेला. दीपेश चक्रवर्ती यांनी जदुनाथांवरील आपल्या ग्रंथात (२०१५) या वादाची जी चर्चा केली आहे, तीत ऐतिहासिक सत्य आणि सार्वजनिक जीवन यांच्या ताणाकडे त्यांचे लक्ष आहे. मराठी वाचकाला त्यात आणखी एक ताण दिसावा. सरकारला येथे पहिल्या प्रथम विश्वासू माणूस हवा होता, विद्वत्ता त्यानंतर. विश्वासूपणाचा पुरावा म्हणजे आयुष्यभराची चाकरी. पुणेकरांच्या आक्षेपात मत्सर होता असे म्हणून भागणार नाही. ज्ञानाच्या दाराशी स्वामिनिष्ठेची किल्ली का लागावी, हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. मात्र त्याच किल्लीने उघडलेल्या दारातून पुढच्या तीन पिढ्यांचे संशोधक, मंडळातले संशोधकही, आत गेले.

या पंचेचाळीस भागांची छपाई पाहण्यासारखी आहे. मूळ पत्र देवनागरीत. त्याच्या माथ्यावर इंग्रजीत चार ओळींचा गोषवारा. बडोद्याच्या वाचकाची सवय येथे जशीच्या तशी उतरली आहे, फक्त श्रोता बदलला. घाईत असलेल्या, मराठी न जाणणाऱ्या वरिष्ठाने वरच्या चार ओळी वाचाव्यात. ज्याला सवड आहे त्याने खाली उतरावे. या रचनेचा परिणाम असा झाला, की कित्येक इंग्रजी ग्रंथांत पेशवाईचा इतिहास गोषवाऱ्यावरून लिहिला गेला आणि पत्रातली भाषा मागे राहिली. ती भाषा म्हणजे आर्जव, नाराजी, पैशाची ओढाताण, घरच्या आजारपणाची एखादी ओळ. गोषवारा चुकीचा नसतो. तो राजकीय असतो. निवडीलाही तेच लागू. सामाजिक-धार्मिक विषयांचे कागद यात आहेत, पण भर मोहिमा, तह आणि कारस्थाने यांवर. गावच्या जमाखर्चाचे, वतनाच्या तंट्यांचे, बलुत्याच्या हक्काचे असंख्य रुमाल पुन्हा बांधून ठेवले गेले. पुढे हिरोशी फुकाझावा यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते सोडले तेव्हा मराठा राज्याचे निराळेच चित्र दिसू लागले. राजाने कोणता निर्णय घ्यावा, या प्रश्नाभोवती ज्याचे वाचन घडले, त्याला पाटलाच्या चावडीवरचा कागद निरुपयोगी वाटणे स्वाभाविक होते.

प्राची देशपांडे यांनी ‘स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर’ (२०२३) या ग्रंथात मोडी, कारकुनी आणि लेखनव्यवहार यांचा जो इतिहास मांडला, त्यामुळे ‘लिहिणारा’ हा घटक अभ्यासाच्या मध्यभागी आला आहे. मराठी साहित्यसमीक्षेने मात्र लेखक आणि लेखनिक यांच्यात आखलेली रेघ अजून पुसलेली नाही. लेखक निर्माण करतो, लेखनिक उतरवतो. लेखक स्वतंत्र, लेखनिक ताबेदार. ही विभागणी स्वच्छंदतावादी कलाकल्पनेने दिलेली आहे आणि ती मराठीतल्या फार मोठ्या गद्याला वाङ्मयाबाहेर ठेवते. बखर वाङ्मय म्हणून शिकवली जाते, कारण तिच्यात नाट्य आहे. टिपण शिकवले जात नाही, कारण त्यात ते नाही. खरे तर चिटणिसाच्या हातून आलेली ही दोन्ही भावंडेच.

सरदेसाईंच्या शेवटच्या वीस वर्षांतील लेखन या दृष्टीने सर्वांत मनोज्ञ आहे. जदुनाथांशी त्यांचा पत्रव्यवहार शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला आणि १९५८ साली जदुनाथ वारले तोवर टिकला. त्यातील पत्रे हरिराम गुप्ता यांनी जदुनाथांच्या जीवनावरील संग्रहात छापली आहेत. येथे प्रथमच सरदेसाई वरिष्ठासाठी लिहीत नाहीत. बरोबरीच्या माणसासाठी लिहितात, त्याच्याकडून चुका काढून घेतात आणि स्वतः काढतात. १९४६ ते १९४८ या वर्षांत इंग्रजी इतिहासाचे तीन खंड आले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. रियासत इंग्रजीत घातली म्हणजे हा ग्रंथ, असा समज आहे. तो बरोबर नाही. मधल्या काळात पेशवे दप्तर वाचून झाले होते आणि पूर्वी दुसऱ्यांच्या छापील खंडांवर विसंबलेला माणूस आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या कागदांवरून लिहीत होता. निकाल अधिक स्पष्ट आहेत, वाक्ये अधिक आखूड आहेत.

तरुणपणीच वारलेला मुलगा श्यामकांत याची पत्रे त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. १९५६ साली, नव्वदी पार केल्यावर, ‘माझी संसारयात्रा’ हे आत्मचरित्र आले. साऱ्या जन्मात ज्याने ‘मी’ मागे ठेवला त्याने लिहिलेले हे आत्मचरित्र मराठी आत्मचरित्रांच्या अभ्यासकांनी जवळजवळ दुर्लक्षिले, आणि त्याचे कारण पुन्हा तेच : कबुलीजबाब नाही, बंड नाही, अंतर्मुखता बेताची. नावातच ‘संसार’ आहे. या शब्दाचे दोन्ही अर्थ, घरप्रपंच आणि जन्ममरणाची येरझार, सरदेसाईंच्या मनात होते की एकच, हे ठरवण्याचा मोह टाळावा. पण मल्हार रामरावांच्या बखरीत घराण्याचे दुःख जसे दुसऱ्याच्या चरित्रात वाट काढते, तसे येथे होत नाही. येथे दुःख आपल्या जागी, आपल्या तारखेसह नोंदले जाते आणि पुढची नोंद सुरू होते.